मथुराबाईची दाढ

बाभुळगावच्या जिनात, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापसाची गाडी आली की आधी बैल सुटायचे, मग गाडीवान तंबाखू मळायला बसायचा आणि मग मथुराबाई उठायची. घाई तिला कधीच नसे. गंजीच्या कडेला अंथरलेल्या पोत्यावरून उठून ती गाडीपाशी जायची, कोपरापर्यंत हात कापसात खुपसायची आणि पार तळातून एक पुंजका ओढून काढायची. वरचा कापूस काय, कोणीही दाखवतो. बोटांनी रुई ओढून टाकली की सरकी उघडी पडे आणि ती उजव्या बाजूच्या दाढेखाली जाई. कट्ट आवाज आला तर कापूस कोरडा, चालू द्या यंत्रावर. सरकी न बोलता चपटी झाली तर कापूस ओला, त्याला आधी अंगणात ऊन दाखवा.

ओला कापूस यंत्रावर गेला की रुळाला गुंडाळतो, सरकी चिरडते, रुईला डाग पडतो आणि सगळं जिन थांबवून लोक एकमेकांना शिव्या देत बसतात. म्हणून हे काम. तशी सरकी दाताखाली धरून कोणीही सांगतो. गावातलं शेंबडं पोरही सांगतं. पण मथुराबाई एका गाडीत तीन ठिकाणी हात घालायची आणि गाडीवानाने पुढे केलेला चहा पीत नसे. मॅनेजर रामरावांना यातल्या दुसऱ्या गोष्टीचं कौतुक पहिलीपेक्षा जास्त होतं.

त्याआधी ती आत होती. आत म्हणजे यंत्रांच्या ओळीत, डोक्यावर टोपली घेऊन. तिथे हवेत इतकी रुई उडे की संध्याकाळी बाया बाहेर आल्या की सगळ्या एका वयाच्या म्हाताऱ्या दिसायच्या. मथुराबाईला त्या रुईने खोकला लागला होता, आणि तो असा की बोलणं अर्ध्यात सोडून भिंत धरावी लागे. रामरावांनी तिला बाहेर गंजीवर बसवलं आणि एका हंगामात खोकला गेला. त्यामुळे दाढ म्हणजे तिच्यासाठी नुसती दाढ नव्हती. ती आत आणि बाहेर यांच्यामधली चौकट होती.

आणि दाढ तरी एकच. डाव्या बाजूच्या खालच्या दाढा बाजारात चादर अंथरून बसणाऱ्या दातवाल्याने कधीच्या उपटल्या होत्या, एक दुखत होती म्हणून आणि दुसरी चुकून. वरखाली नीट भेटणारी जोडी काय ती उजवीकडे उरली होती. बासष्टच्या दिवाळीनंतर, पहिल्या वेचणीच्या गाड्या लागल्या तेव्हा, नेमकी तीच ठणकायला लागली.

पहिल्यांदा लवंग झाली, मग तंबाखू, मग गरम विटेचा शेक. गाल टम्म सुजला. शेजारची तानाबाई काठी टेकत आली आणि बघून म्हणाली, "उपटून टाक वं. माह्या तोंडात एक बी दात नाई राह्यला, मी काय उपाशी मेली? भाकर कुस्करतो न खातो."

"तुले सरकी फोडा लागत नाई, मावशी," मथुराबाई म्हणाली.

नवऱ्याचं मतही तानाबाईसारखंच होतं. त्याचं नाव उकंडा. तो सडकेवर मैलकुली होता. आपल्या वाट्याच्या सडकेवरचे खड्डे बुजवायचे, कडेची झाडं राखायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याशी वाद घालायचा. यातलं शेवटचं काम सरकारने दिलेलं नव्हतं, ते त्याने आपण होऊन घेतलं होतं. वस्तीत त्याच्या शब्दाला वजन होतं. तो म्हणाला, "दुखते तं काढून टाक. दुखनं पोसाले ठेवतेत काय?"

रामरावांनी मात्र हिशेबाची गोष्ट सांगितली. "बाई, दाढ काढून आली तं मले तुले आत घ्या लागन. गंजीवर कौसल्येले बसवीन. माहा इलाज नाई." ते वाईट माणूस नव्हते, म्हणूनच त्यांनी ते आधी सांगितलं. वर हेही सांगितलं की यवतमाळला एक दातांचे डॉक्टर आहेत, वामनराव बापट म्हणून, मुंबईला शिकलेले, ते दात न उपटताही बरा करतात.

तर मथुराबाई बाजाराच्या सुट्टीला यष्टीने यवतमाळला गेली. डॉक्टरांचं यंत्र शिलाईच्या मशीनसारखं पायाने चालत होतं. ते बघून तिला जरा धीर आला, आणि ते तोंडात गेल्यावर तो सगळा गेला. डॉक्टर म्हणाले, आतली नस कुजली आहे, मुळं मात्र मजबूत आहेत, वाचवता येईल. औषध घालून नस मारली, पुढच्या खेपेला बारीक तारांनी मुळं साफ केली, त्याच्या पुढच्या खेपेला रबरासारख्या काड्यांनी ती बुजवली. दर खेपेला ती यष्टीतून उतरून तशीच गंजीवर जायची आणि समोरच्या दातांनी सरकी कुरतडायची. समोरच्या दातांवर सरकी निसटते, पण वेळ निभावली. आणि एक दिवस खरंच दुखणं पार थांबलं.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाले. "दुखत नाही म्हणजे बरी झाली, असं समजू नका. आतला जीव गेला की दात वाळल्या फांदीसारखा होतो. दिसायला तसाच, पण जोर पडला की चिरतो. वर मी कच्चं सिमेंट लावलंय, ते फक्त झाकण आहे. त्यावर पक्कं काम करायला हवं."

"कोनतं पक्कं?"

डॉक्टरांनी कपाटातून प्लास्टरचा एक जबडा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. चांदी भरता येते, ते म्हणाले. त्यावर भाकरी खाता येईल, हरभरे नाही. बाजारात पोलादी पत्र्याची तयार टोपीही मिळते, पण ती ढिली बसते, कडेने अन्न जातं आणि हिरडी कुजते. चांगली म्हणजे सोन्याची टोपी, दाढेचं माप घेऊन ओतलेली, चहूबाजूंनी दाढेला आवळून धरणारी. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तशी. आणि यातलं काहीच नको असेल तर काढून टाकायची, मग कटकटच नाही.

"सरकी फोडाची हाय," मथुराबाई म्हणाली.

"मग टोपी."

तिला मात्र वेगळंच विचारायचं होतं, पहिल्या खेपेपासून. "डाक्तर, नस काढली म्हनता. मंग वलं-कोरडं तिले कसं समजन?"

डॉक्टर हसले नाहीत. "ते दाताला समजत नाही, बाई. दात हाडात जिथे रोवलेला असतो तिथे एक पातळ पडदा असतो, दाब त्याला कळतो. तो मी ठेवलाय. आणि आवाज तर कानानेच ऐकता ना?" मग त्यांनी पुन्हा बजावलं की टोपी बसेपर्यंत त्या बाजूने काही कडक चावायचं नाही, आणि लवकर या.

ती लवकर गेली नाही. हंगाम ऐन भरात होता, गाड्यांची रांग सडकेपर्यंत लागत होती, आणि मुख्य म्हणजे दाढ दुखत नव्हती. आता यात तिला मूर्ख म्हणायचं कारण नाही. तिच्या गावात लंगडणारा बैल लंगडायचा थांबला की दुसऱ्या दिवशी जुंपतात. माणसाचंही तेच, ताप उतरला की कामावर. दुखणं गेलं की बरं झालं, हे तिने जन्मभर पाहिलं होतं. डॉक्टरांचं बोलणं तिला खोटं वाटलं नाही, फक्त दुसऱ्या कोणाच्या दाताबद्दल वाटलं. म्हणून एका सकाळी, समोरच्या दातांना कंटाळून, तिने एक सरकी उजवीकडे ढकलली. कट्ट. मग दुसरी ढकलली. दुपारपर्यंत ती सगळं विसरून गेली होती.

महिनाभर चाललं. मग एकदा नेरकडच्या एका गाडीतली सरकी तिने दाढेखाली घेतली आणि आवाज दोनदा आला. तिने हातावर थुंकून पाहिलं तर टरफलात एक पांढरा खडा. "कापसात गोटे टाकता काय रे?" ती गाडीवानावर कडाडली. त्याने शपथा घेतल्या. तो शपथा घेत असताना तिची जीभ मागे गेली आणि तिला दाढेतल्या खड्ड्याची धारदार कड लागली. मथुराबाईने गाडीवानाची माफी मागितली. असं ती सहसा करत नसे, त्यामुळे तो बिचारा आणखीच घाबरला.

रामरावांच्या कानावर ते संध्याकाळपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी कौसल्या पोतं घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मले शिकाले सांगतलं हाय." कौसल्या वस्तीतलीच, तरणी, तोंडात बत्तीस दात. तिच्यावर राग तरी काय धरायचा? मथुराबाईने तिला गाडीत हात कुठे घालायचा ते दाखवलं आणि स्वतः यष्टी पकडली.

डॉक्टरांनी आरसा फिरवला आणि खणकन ताटलीत टाकला. त्यांनाही राग येत होता. "नशीब, हिरडीच्या वर तुटलीय. मुळं चांगली आहेत, अजून वाचेल. पण चांदी धरायला आता भिंतच उरली नाही. एक तर सोन्याची टोपी, नाहीतर चिमटा." मग त्यांनी हात पुसले. "आणि सोनं मी देऊ शकत नाही. सरकारने या महिन्यात सोन्यावर कायदा आणलाय, सराफ सोन्याचं नाव काढू देत नाहीत. घरात जुनं मोडीचं काही असेल तर घेऊन या. अंगठ्याच्या नखाएवढं पुरे."

"घरात कायचं सोनं," मथुराबाई म्हणाली. तिच्या गळ्यात काळी पोत होती आणि तिच्यात सोन्याचा मणीसुद्धा नव्हता. डॉक्टरांना ते दिसतच होतं, म्हणून त्यांनी जास्त विचारलं नाही.

पण घरात सोनं होतं. बरोबर अंगठ्याच्या नखाएवढं.

उकंड्याच्या आधी त्याच्या आईची तीन मुलं गेली होती. चौथा झाला तेव्हा रीतीप्रमाणे त्याला उकिरड्यावर ठेवून परत आणला आणि नावही तेच दिलं, म्हणजे मरणाला वाटावं की हे टाकून दिलेलं पोर आहे, याला कशाला न्या. तेवढ्यावर त्या माउलीचा विश्वास बसला नाही. ती सुईण होती. तिने मरीआईला नवस केला, आणि पोरगा पायावर चालायला लागल्यावर घरोघरच्या बाळंतपणांतून साठवलेल्या सोन्याच्या कणाकणातून देवीचा एक टाक घडवला. जाडसर पत्रा, त्यावर दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक नाक. मरताना तिने तो सुनेच्या हातात दिला. "हे देवीचं नाई, मथुरे," ती म्हणाली, "हे माह्या पोराच्या जिवाचं हाय. याले जप."

मग छप्पन्न साल आलं. उकंडा नागपूरला गेला, पांढऱ्या कपड्यांत बुद्धाची दीक्षा घेऊन आला, आणि त्याच्या मागे सगळ्या वस्तीने घेतली. घराघरातले देव टोपल्यांत भरून बेंबळा नदीच्या डोहावर नेले. पहिली टोपली उकंड्याने स्वतःची रिकामी केली. पण त्याला सोन्याचा टाक आठवला. "थो कुठं हाय?" त्याने विचारलं. मथुराबाई म्हणाली, "तुमच्या मायसंगं गेला. मातीत." आणि त्याने मान डोलावली. मग तो घरोघर फिरला. तानाबाईच्या दारात उभा राहून म्हणाला, "लपवून ठेवाल तं सोतालेच फसवाल. माह्या घरी पाहा, काई नाई." तेव्हापासून प्रत्येक सभेत तो हे वाक्य बोलत आला होता, आणि मथुराबाई बायांच्या ओळीत बसून ऐकत आली होती.

टाक उतरंडीच्या सगळ्यांत खालच्या मडक्यात अंबाडीच्या बियांत होता. तिने त्याला कधी हळद लावली नाही, दिवा दाखवला नाही. घेतलेल्या प्रतिज्ञा ती मोडत नव्हती. फक्त उकंड्याला ताप आला, किंवा सडकेवरून परतायला उशीर झाला, की ती उतरंड उतरवून बियांत बोटं घालून बघायची, आहे ना. असलं काही खरं नसतं हे तिला पटलेलं होतं. आणि तरी तिला भीती वाटायची, आणि भीती वाटते याची लाज वाटायची. या दोन्ही गोष्टी ती सहा वर्षं एकटी सांभाळत होती.

यष्टीत बसल्याबसल्या तिने ठरवलं की दाढ काढून टाकावी. घरी येईपर्यंत आतल्या रुईची आठवण होऊन तिला तिथेच खोकला आला. खोटं सांगून टोपी बसवता आली असती. सोनं मालकाने दिलं म्हणावं, कोण विचारायला जातं. पण ज्याच्या जिवाचं ते होतं त्याला न विचारता ते जाळात घालायची तिची छाती होईना. संध्याकाळी उकंडा भाकर खायला बसला तेव्हा तिने टाक त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या मायचा टाक."

"थो तं मायसंगं गेलता."

"नाई गेलता. म्या खोटं सांगतलं."

उकंड्याने हातातला घास ताटात ठेवला. "मी सहा वर्स लोकाईच्या दारात उभा राहून सांगून राह्यलो का माह्या घरात काई नाई."

"सांगत होते."

"आन् तू आयकत होती."

"आयकत होतो."

"पूजा करत होती काय?"

"नाई. दिवा नाई, हयद नाई. नुसता ठेवला."

"मंग कायले ठेवला?"

"तुमच्या जिवाचा म्हनून." तिचा आवाज बारीक झाला. "डोहात टाकला असता आन् तुमाले काई झालं असतं, तं म्या कोनाले पुसलं असतं?"

"माहा जीव ह्या पत्र्यात हाय?"

"नाई. मले ठाऊक हाय, नाई. तरी भेव वाटते, त्याले मी काय करू?"

 उकंडा भरल्या ताटावरून उठला. मग बरेच दिवस गेले. सकाळी फावडं घेऊन सडकेवर जायचा, रात्रीची भाकर खाली मान घालून खायचा. मथुराबाईने त्याला दाढेचं सांगितलं, आत आणि बाहेरचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. तो नुसता ऐकायचा. टाक मात्र तिथेच, चुलीजवळच्या फळीवर, उघडा पडून होता. त्याला परत मडक्यात ठेवायचं दोघांच्याही मनात आलं नाही. आणि बाजाराच्या सुट्टीच्या सकाळी त्याने धुतलेलं धोतर नेसलं, टाक सदऱ्याच्या खिशात घातला आणि म्हणाला, "चाल. यवतमाळले."

डॉक्टरांनी टाक हातात घेतला, उजेडात धरला आणि घाईने टेबलावर ठेवला. "हे देवीचं आहे."

"हो," उकंडा म्हणाला. "वितळवा."

डॉक्टरांच्या भिंतीवर गणपतीची तसबीर होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. दिवसभर जिवंत माणसांच्या जबड्यात यंत्र फिरवणारा हा माणूस, पण त्यांचा हात काही पुढे होईना. "माझ्याच्याने नाही व्हायचं हो," ते म्हणाले. "मी माप घेऊन ठेवतो. तुम्ही सोनाराकडून गोळी करून आणा. गोळी आणलीत की टोपी ओततो."

सोनाराच्या गल्लीत तेव्हा माशा मारायचं काम होतं. नव्या कायद्याने अर्धी दुकानं बंद, उरलेले सोनार ओट्यावर बसून सरकारची उणीदुणी काढत होते. त्यातला एक म्हातारा गिऱ्हाईक पाहून उठला, टाक पाहिला, कपाळाला लावला आणि परत उकंड्याच्या हातात दिला. "मूस घे, कोयसा घे, टाकनखार बी देतो, फुकनी बी देतो," तो म्हणाला. "फुंक तूच. देवीवर मी आग धरनार नाई."

"द्या," उकंडा म्हणाला.

सोनाराने मातीची, वाटीसारखी मूस निखाऱ्यात बसवली आणि कसं फुंकायचं ते दाखवलं. गाल भरून, श्वास न तोडता, ज्योत त्या एका जागी. उकंडा उकिडवा बसला, टाक मुशीत ठेवला आणि फुंकायला लागला. मथुराबाई मागे उभी होती. टाकाकडे तिने पाहिलंच नाही. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती, बरगड्या वरखाली होताना. पत्रा लाल झाला, कडा आत वळल्या, नाक बसलं, मग ते दोन ठिपके एकमेकांत मिसळले. आणि तेवढ्यात उकंड्याला ठसका लागला. असा लागला की फुंकणी हातातून गळली आणि त्याचे डोळे पांढरे झाले. मथुराबाईने त्याला दोन्ही हातांनी मागून घट्ट धरलं. सोनार बघत होता, गल्ली बघत होती, तिला कशाचं भान नव्हतं.

"धूर गेला नाकात," उकंडा खोकत म्हणाला. "सोड. मरून नाई राह्यलो."

तिने सोडलं नाही. तो तसाच, तिच्या हातांत, परत फुंकायला लागला. शेवटी मुशीत एक थेंब उरला, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडा लहान, आणि सोनाराने तो पाण्यात टाकला तेव्हा चर्र आवाज झाला. उकंड्याने गोळी तळहातावर घेतली. त्याचा सगळा राग तिथे गेला, आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं. "एवढंच," तो म्हणाला. "एवढ्यासाठी मायनं किती घरचे बायंतपनं केले असन." आणि त्या गल्लीत, लोकांसमोर, तो रडला. आई गेली तेव्हा तो रडला नव्हता.

डॉक्टरांनी तांबं मिसळून सोनं कडक केलं, टोपी ओतली, घासली, बसवून पाहिली, काढली, परत घासली. बसल्यावर मथुराबाईने पदराची गाठ सोडली. तिने दोन सरक्या बांधून आणल्या होत्या, एक वाळलेली आणि एक भिजवलेली. डॉक्टर नको नको म्हणत असतानाच तिने पहिली दाढेखाली घेतली. आवाज आला, जरा जाड, बंद खोलीतून आल्यासारखा, पण आला. दुसरी मुकाट चपटी झाली. "समजते," ती म्हणाली आणि खुर्चीतून उठली. रामरावांनी तिला गंजीवर ठेवलं, आणि गाड्या वाढल्या होत्या म्हणून कौसल्येलाही.

पौर्णिमेला वस्तीत सभा होती. मथुराबाईने मनात ठरवून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर सोनं मालकाने दिलं म्हणायचं. नवऱ्याची मान लोकांत खाली जाऊ नये एवढंच तिला वाटत होतं. वंदना झाली आणि उकंडा बोलायला उभा राहिला, आणि तिला वाटलं, आता तेच वाक्य येणार.

"मी तुमाले सांगत होतो का माह्या घरात काई नाई," तो म्हणाला. "थे खोटं होतं. टाक होता. मले ठाऊक नोयता, पन होता. माह्या हातानं वितळवला. आता नाई." त्याने बायकोकडे पाहिलं. "म्हंजे हाय, पन हिच्या दाढेत हाय."

कोणीतरी हसलं. मागून एकजण म्हणाला, "आमच्या घरी तं मडके उघडून पाह्यत होता." उकंड्याने तेही ऐकून घेतलं आणि खाली बसला.  बायांच्या ओळीत मात्र सगळ्या जणी आपापल्या पदराकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी कौसल्या आली. "बाई, थे डाक्तर कुठं बसते? माह्या बी दाढेले कळ मारून राह्यली."

"दाखव," मथुराबाई म्हणाली. कौसल्येने तोंड उघडलं. बत्तीसच्या बत्तीस, एकालाही कीड नाही. पण तिच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती, घट्ट, आणि ती तिने मुठीत धरलेली होती. मथुराबाईने तिला डॉक्टरांचा आणि सोनाराचा, दोघांचाही पत्ता सांगितला. मग पलीकडच्या ओळीतली एकजण आली, मग तिची जाऊ. कोणाला वरची दाढ दुखत होती, कोणाला खालची. मथुराबाई प्रत्येकीला तोंड उघडायला लावायची, नीट बघायची आणि पत्ता सांगायची. 

सगळ्यांत शेवटी, दिवे लागायच्या वेळी, तानाबाई काठी टेकत आली आणि उंबऱ्यावर बसली. बराच वेळ तिने दम खाल्ला.

"माही बी दाढ दुखून राह्यली वं."

मथुराबाईने चुलीवरून मान वर केली. तानाबाईने मूठ उघडली. तळहातावर चांदीचा टाक होता, इतका झिजलेला की कोणता देव ते कळत नव्हतं.

"कोनाच्या जिवाचा, मावशी?"

"माह्या शिवराम्याचा." तानाबाई टाकाकडेच बघत होती. "थो तं कवाचाच गेला. बारा वर्साचा होता. हे राह्यलं. थो गेला तरी फेकवलं नाई मले."

मथुराबाई उठून तिच्यापाशी आली, शेजारी बसली. "कोनती दुखते?" तिने विचारलं.

तानाबाईने तोंड उघडलं आणि सपाट हिरडीवर एक बोट ठेवलं. मथुराबाईने कंदील जवळ घेतला आणि बाकीच्या बायांचं पाहिलं होतं तसंच, वाकून, नीट पाहिलं.

"दुखत असन," ती म्हणाली. "रईवारी जाऊ. मी येतो संगं."